काहूनची पोथी

विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकदम सोन्याचे दिवस आले. पैसा येताना अक्कल बरोबर घेऊन येतो असं मात्र कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात एकानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, दुसऱ्यानं कुत्र्याच्या गळ्यात चांदीची साखळी घातली. त्या मानानं खुशालराव शहाणाच म्हणायचा. त्यानं गावासाठी पोथी विकत घेतली.

श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची, पण जुनी पोथी वाळवीनं खाल्ली होती. खरं सांगायचं तर वाळवीनं उपकारच केले. त्या पोथीच्या पहिल्या अध्यायाला गाव जागं असे, दुसऱ्याला अर्धं, आणि तिसऱ्याला वाचणारे नत्थुजी आणि समोरचा मारुती एवढेच. नत्थुजी माळी होते, फुलांचा मळा करायचे, आणि गावात सरळ वाचता येणारं माणूस म्हणजे तेच.

उन्हाळ्यात कापसाच्या गाड्या अमरावतीला रित्या केल्यावर खुशालराव बाजारात हिंडत निघाला. एका चिंचेखाली चंद्रभान नावाचा पुस्तकवाला सतरंजीवर छापील पुस्तकं मांडून बसला होता.

"कशी पोथी पायजे, भाऊ?" चंद्रभाननं विचारलं. "हसवनारी का रडवनारी?"

"दोन्ही नोको. लोकं झोपले नाई पायजे. डोकं चाललं पायजे त्याईचं. घरी जाऊन बी इचार केला पायजे."

चंद्रभाननं त्याच्याकडे नीट पाहिलं. असं गिऱ्हाईक त्याला रोज भेटत नसावं. त्यानं पेटीच्या तळातून एक जाडसर पुस्तक काढलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"मंग हे घ्या. मी सोता पुन्यांदा पुन्यांदा वाचतो. पानोपानी 'काहून' हाय याच्यात. पाऊस काहून पडते, भुई काहून हालते. पन भाऊ, हे पोथीसारखं..."

"बस, बस! लोकं जागे राहतीन ना?"

"रातभर."

"मंग बांध."

खुशालरावाला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि पुरतं ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. आमच्याकडे हे दोन्ही गुण बहुधा जोडीनंच राहतात.

पुढं सगळं रीतीप्रमाणं झालं. पुस्तक लाल कपड्यात गुंडाळलं, चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खुशालरावानं पाणी सोडून संकल्प केला. मग नत्थुजींनी कपडा सोडला, घसा खाकरला आणि पहिली ओळ वाचली : "पृथ्वी वाटोळी आहे."

नत्थुजींनी पान उलटून पाहिलं, देवाचं नाव कुठं सापडेना. कुणीतरी म्हणालं, ही पोथी नाही, बंद करा. पण बंद कशी करणार? नारळ फुटला होता, संकल्प सुटला होता. लागलेली पोथी अर्ध्यात सोडली तर सोडणाऱ्याच्या घरावर येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एक अध्यायसुद्धा गाळायचा नाही, समाप्तीचा नैवेद्य होईपर्यंत थांबायचं नाही. खुशालरावानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "वाचा नत्थुजी. वाटोळी तं वाटोळी."

अध्याय संपला तेव्हा सगळ्यांनी हात जोडून विठ्ठलाचा गजर केला. त्या रात्री गावात कुणाला लवकर झोप आली नाही. पृथ्वी वाटोळी असेल तर खालच्या बाजूची माणसं घसरत कशी नाहीत, यावर पारावर भांडणं झाली. दुसऱ्या दिवशी देवळात बसायला जागा उरली नाही. पानोपानी 'का' विचारते म्हणून लोक तिला 'काहूनची पोथी' म्हणू लागले.

आता खुशालरावाच्या घरातलं सांगायला हवं. त्याची बायको पार्बताबाई. घर तिच्या शब्दावर उठायचं आणि तिच्याच शब्दावर बसायचं. मुलगा पंजाबराव आईपुढं तोंड न उघडणारा. आणि सून सुभद्रा, नांदगाव पेठेची. तिची तीन वर्षांची वच्छला जन्मली तीच वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला घेऊन. सुभद्रा पोटुशी असताना चंद्राला ग्रहण लागलं होतं. पार्बताबाईनं सांगून टाकलं, हिनं ग्रहणात दोडका चिरला. सुभद्रा पहिल्यांदा नाही म्हणाली. मग रोज ऐकून ऐकून तिलाच वाटायला लागलं की चिरला असेल. त्या दिवसापासून तिला विळीला हात लावू देत नव्हते. पाहुणे आले की वच्छलाला आतल्या खोलीत बसवत. ती पोर दाराच्या फटीतून लोकांचे पाय बघून कोण आलं ते ओळखायची. हे लिहिताना मला आजही राग येतो.

आणि आता घरात कापसाचा पैसा आला होता. पोळा झाला की पंजाबरावाला तेल्हाऱ्याची एक मुलगी दुसरी बायको म्हणून करायची, असं पार्बताबाईनं ठरवलं होतं. सुभद्रानं लेकीला घेऊन माहेरी जायचं. बोलणी पक्की व्हायची तेवढी राहिली होती.

नत्थुजी पुढचा अध्याय आदल्या दिवशी घरी वाचून ठेवत. श्रावण सरत आला तेव्हा त्यांनी ग्रहणाचा अध्याय उघडला आणि अर्ध्यातच पुस्तक मिटलं. ते भित्रे होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. खुशालरावाच्या शेताला लागूनच त्यांचा मळा, आणि पाणी त्याच्याच विहिरीचं. मैनाबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, ते म्हणाले, "एवढा एक अध्याय गाळू काय वं? कोनाले समजनार हाय?"

"मारुतीले," मैनाबाई म्हणाली आणि फुलं गुंफत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. बायका निंदणावरून थेट देवळात आल्या, हाताची माती तशीच. पार्बताबाई पुढं बसली. सुभद्रा नेहमीप्रमाणं दाराबाहेर पायरीवर, मांडीवर पदराखाली वच्छला. नत्थुजींनी मारुतीकडे पाहिलं आणि सुरुवात केली.

"चंद्रास कोणी गिळीत नाही. पृथ्वीची छाया त्यावर पडते, इतकेच." ते थांबले. मग एका दमात पुढचं वाचून टाकलं. "ग्रहणाचे वेळी गरोदर स्त्रीने काही चिरले असता बाळास व्यंग होते, असे लोक म्हणतात. परंतु छायेस हात नाहीत. जी छाया चंद्रास साधा ओरखडा काढू शकत नाही, ती गर्भास काय करणार?"

सगळ्यांना पायरीवर बघायचं होतं आणि कुणी बघत नव्हतं.

"नत्थुजी," बाहेरून आवाज आला, "तेवढं पुन्यांदा वाचा."

सुभद्रा बोलली होती, सासऱ्यासमोर, भर देवळात. पोथी ऐकणाऱ्यानं ओळ परत मागितली तर वाचणाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं, पण नत्थुजींनी आधी खुशालरावाकडे पाहिलं. पार्बताबाई मागं वळली. आता सुनेची धडगत नाही असंच सगळ्यांना वाटलं.

"तिनं म्हटलं ना वाचा म्हून," पार्बताबाई नत्थुजींना म्हणाली. "मंग वाचा."

त्यांनी परत वाचलं. पार्बताबाई मान खाली घालून ऐकत होती. मग ती बोलायला लागली, आणि तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता.

"पंजाबच्या आंधी मले एक पोरगी झाली व्हती. तिचा ओठ बी असाच व्हता. तवा बी गिरान लागलं व्हतं. पन मी तं काईच चिरलं नोतं, नत्थुजी. दोन्ही हात मांडीवर ठेवून भितीले टेकून बसली व्हती, गिरान सुटेपर्यंत. सासूबाई म्हने, डोया लागला असन अन् झोपीत हात हालला असन. मी म्हटलं, असन बा. पोरीले दूद वढता नाई आलं. बारसं बी झालं नाई तिचं."

खुशालरावानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. गावात ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

"मंग तिचा ओठ काहून फाटला व्हता?" पार्बताबाईनं विचारलं. "पाहा बरं, लिवलं असन."

नत्थुजींनी पान उलटलं. अजून एक उलटलं. अध्याय संपेपर्यंत त्यांनी बोट फिरवलं. खोटं बोलून मोकळं व्हावं असं त्यांना फार वाटलं, पण समोर पोथी होती.

"नाई लिवलं, बाई."

"म्हंजे लिवनाऱ्याईले बी ठाऊक नाई?"

"नाई."

"कोनालेच ठाऊक नाई," पार्बताबाई म्हणाली, "अन् आमी दोघीनं कबूल करून टाकलं."

ती उठून दारापाशी गेली. सुभद्रा घाबरून पदर सावरायला लागली. सासूनं तो पदर बाजूला केला, वच्छलाला उचललं आणि आत आणून सगळ्यांच्या मधोमध आपल्या मांडीवर बसवलं. पोरीनं पहिल्यांदाच त्या सगळ्या पायांच्या वरची तोंडं पाहिली. ती एकेकाकडे बघत हसली. मला विचाराल तर छान हसली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी समाप्ती झाली. सकाळी पार्बताबाईनं टोपलीभर दोडके आणि विळी सुभद्रापुढं ठेवली. सुभद्रा विळीकडे नुसती बघत बसली.

"चीर," पार्बताबाई म्हणाली. "गावजेवन हाय."

"आत्याबाई, मी त्या दिवशी खरंच दोडका..."

"चिरला असन का नसन, मले नाई आयकाचं. आता चीर."

तेल्हाऱ्याला नकार कळवायला पंजाबराव स्वतः गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो एखाद्या कामाला न सांगता उठला होता.

पंगत उठल्यावर पोथी परत लाल कपड्यात बांधली गेली. खुशालराव ती कपाळाला लावत होता, तेव्हा पार्बताबाई त्याच्याजवळ आली. तिच्या कडेवर वच्छला होती, हनुवटीला वरण लागलेली.

"औंदा कापूस घेऊन अमरावतीले गेले का त्या पुस्तकवाल्याले इचारा, ओठाचं पुस्तक हाय का म्हून."

"अन् नसलं तं?"

"तं त्याले सांगा, कोनी लिवनार भेटला का त्याले आपल्या घरी धाडा. म्हनाव, दोन पोरी झाल्या आमच्या घरी अशा. एक अजून हाय, पाहून जा."