बानाबाईचा हात

आवडाबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तो उन्हाळा दुष्काळाचा होता. शेंद्र्याची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेल्यावर त्यांचा मुलगा शिवराज यानं शहराच्या कडेला, बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात फ्लॅट घेतला होता. चारी बाजूंनी इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. बोअर आटलेले, टँकर येईल तेव्हा यायचा. शिवराज सकाळीच कंपनीत जायचा. मागं घरात त्याची बायको दीपमाला आणि पलंगावर सासू.

दवाखान्यातून सोडताना फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम आणि मालिश दोन्ही दाखवलं होतं. मालिशनं गेलेली ताकद परत येत नाही, ती व्यायामानं येईल तेवढी येईल. पण अंग आखडत नाही, सूज उतरते, शांत झोप लागते, असं त्या म्हणाल्या. दीपमाला तेव्हा औषधांच्या रांगेत होती. शिकून घेतलं ते बानाबाईनं.

बानाबाई कन्नडकडची, धनगराची. चारा-पाणी संपल्यावर मेंढरं विकून ती नवऱ्याबरोबर शहरात आली होती. नवरा समोरच्याच बांधकामावर राखणदार होता. गावाकडं ती बाळंतिणींना आणि लेकरांना चोळायची, म्हणून आई दवाखान्यात असतानाच शिवराजनं तिला कामाला ठेवलं होतं.

ती आली की तिळाचं तेल वाटीत कोमट करायची. आधी नुसता तळहात फिरवायची. मग बोटांपासून वर खांद्याकडं, हलक्या दाबानं. आवडाबाईंची डावी मूठ घट्ट मिटलेली असायची. बानाबाई ती कधी ओढायची नाही. मनगट खाली वाकवायची, अंगठा हळूच बाजूला घ्यायची, की एकेक बोट सुटायचं.

बोटांबरोबर आवडाबाईंची जीभही सुटायची. शब्द जड यायचे, पण यायचे. पैठणचं माहेर, गोदावरीचा काठ, म्हशीमागं नदीत शिरलेली नऊवारीतली पोर.

"पवता येत होतं का माय तुम्हाला?"

"कुठलं! शेपटी धरली होती... घट्ट."

आणि दोघी हसायच्या. स्वयंपाकघरात दीपमालाचे कणकेतले हात थांबायचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं सासूचं हसणं ऐकलं नव्हतं. सासूचं न्हाणंधुणं तीच करायची, पाण्याचा थेंब थेंब राखून चादरी तीच धुवायची, घास तीच भरवायची. तिच्या वाट्याला यायचं ते, "भाजीत मीठ लई झालंय." आणि तासभर येणाऱ्या बाईला सगळं माहेर मोकळं.

एकदा तिनं दाराआडून ऐकलं. आवडाबाई म्हणत होत्या, "बाना, तुझ्या हातात माया हाय. घरच्या हाताला नुसती घाई."

दीपमालाच्या अंगाची लाही झाली. बानाबाई निघाली तेव्हा तिनं तिला जिन्यात गाठलं.

"उद्यापासून येऊ नका. आत्याबाईच नको म्हणत्यात."

बानाबाईच्या हाताचं तेल अजून वाळलं नव्हतं. "काय चुकलं का वैनी माझं?"

"ते मला नाय सांगितलं त्यांनी."

आणि घरात येऊन सासूला सांगितलं, "बानाबाईला दुसरं काम लागलंय. आता नाय यायची ती."

आवडाबाईंचं दुपारचं जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दीपमालानं तेल तापवलं. पाण्याच्या बादल्या जिन्यानं वर आणणारे हात होते तिचे, ताकदीला कमी नव्हते. तिनं मूठ धरली आणि बोटं उघडायला ओढली. आवडाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय का?"

"नाय."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आत्याबाई, तुम्ही लहानपणी नदीवर जायच्या?"

"जायचो."

तेवढंच. दीपमाला पुढच्या शब्दाची वाट बघत चोळत राहिली. पुढच्या दिवसांत तिचा हात जरा बसला, मनगट वाकवून मूठ सोडवायला जमू लागलं, हाताची सूजही वाढली नाही. पण माहेर काही बाहेर येईना. बानाबाई घरात येत होती तेव्हा जेवढी बोचली नव्हती, तेवढी आता बोचू लागली.

एका सकाळी टँकर आला. दीपमाला दार उघडं ठेवून टँकरच्या पाइपनं ड्रम भरत होती. तेवढ्यात बानाबाई आत आली आणि थेट पलंगापाशी गेली.

"माय, काम नको मला. एवढंच सांगा, माझ्या हातून काय चुकलं? तुम्ही मला नको म्हणालात."

आवडाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग दीपमालाकडं. दीपमालाच्या हातातल्या पाइपचं पाणी फरशीवर वाहत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. "मीच म्हणाले. आजारपणात डोकं फिरतं बाई. तुझं काय बी चुकलं नाय."

बानाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती निघून गेली.

दीपमालानं पाइप ड्रममध्ये सोडला. ती पलंगापाशी आली. "माझ्यासाठी खोटं बोललात?"

"घरासाठी बोलले. सुनेला बाहेरच्यापुढं उघडं पाडून मला काय मिळायचंय? पण तू का केलंस असं?"

"तिच्यापाशी हसत होतात तुम्ही. माझ्यापाशी कधीच नाय."

"तू कधी बसलीस माझ्यापाशी?"

"तुम्ही कधी बस म्हणालात?"

आवडाबाईंनी उजव्या हातानं आपली मिटलेली डावी मूठ जवळ ओढली. मग म्हणाल्या, "बानाला बोलाव. तुझा हात अजून जड हाय."

संध्याकाळी दीपमाला समोरच्या बांधकामावर गेली. पत्र्याच्या खोलीपुढं बानाबाई चूल पेटवत होती. दीपमालानं उभ्या उभ्याच खरं काय ते सांगितलं. बानाबाई बराच वेळ लाकडं सारखी करत राहिली.

"मेंढरं विकली, तरी वाटलं, हात हायेत अजून," ती म्हणाली. "तुम्ही तर हातालाच नावं ठेवली वैनी."

"चुकलं माझं."

"माय मला आवडतात म्हणून येईन. पण मी चोळताना तुम्ही तिथं बसायचं. भिंतीआडून ऐकायचं नाय."

बानाबाई दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. तिनं डावा हात घेतला आणि तेलाची वाटी दीपमालाकडं सरकवून तिला तळपाय चोळायला सांगितलं. मूठ सुटली तशी आवडाबाईंनी सासरचं सुरू केलं. त्यांच्या सासूनं लग्नानंतर वर्षभर त्यांना तिजोरीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं, ते. बोलत होत्या त्या बानाबाईकडंच बघून. दीपमालाचा अंगठा तळपायात जोरानं रुतला.

"हळू, दीपमाला," आवडाबाई म्हणाल्या आणि गोष्ट पुढं सांगू लागल्या.