नारळाच्या दुधाची साक्ष

मी विळी बोलतेय. हसू नका, पण पातं धारदार असलं तरी स्वभावाने मी भित्री आहे. दारावर जोरात थाप पडली की अजून थरथरते.

अलिबागच्या एका लोहाराने मला घडवलं आणि टोकाला नारळ खवायचे दाते काढले. माझा धनी शौल, त्याच्या आईने मला जुन्या लुगड्यात गुंडाळून इस्राएलला आणलं, विमानतळाजवळच्या लोद गावात. इथे सगळे ओट्यापुढे उभं राहून रांधतात. मी मात्र जमिनीवरच राहिले.

१९९० साली अशीच एक थाप पडली. कामावरचं सामान चोरल्याबद्दल पोलिसांनी शौलला नेलं. चोरी खरीच होती. त्याची मुलगी त्सिपोरा तेव्हा अकरा वर्षांची. शाळेत कुणाचं खोडरबर हरवलं की आधी तिचं दप्तर उलटं व्हायचं. ती माझ्याजवळ बसून आईला हे सांगायची. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरांत नवसाचा मलिदा असला की पोहे भिजवायला तिच्या आईला हमखास बोलवायचे, ती बोलावणीही थांबली. घरी पाहुणे आले तर त्सिपोरा दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसे, सगळ्यांना दिसतील असे. ते मला फार लागायचं.

दोन वर्षांनी शौल सुटला. त्सिपोरा सैन्यात असताना स्वयंपाक शिकली, मग एका हॉटेलात भांडी घासता घासता शेगडीपर्यंत पोचली. २००५ मध्ये तिने स्टेशनजवळ स्वतःची खानावळ काढली. नारळाच्या दुधातली कोंबडी ही तिची खासियत. दूध काढायचा शौल, माझ्यावर बसून; पण मागच्या खोलीत, दार लोटून.

"पप्पा, गिऱ्हाईक असताना बाहेर नका येऊ," ती हिब्रूत सांगायची.

"बरं," तो मराठीत म्हणायचा.

कश्रूत म्हणजे खाण्यापिण्याचे धर्मनियम. ते पाळल्याचा दाखला भिंतीवर नसेल, तर निम्मं गिऱ्हाईक उंबरा ओलांडत नाही. तपासनीस आला तेव्हा दोन टेबलं भरलेली होती. दाराच्या फटीतून मी बघत होते. त्याने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि तसंच हातात धरून राहिला.

"कोंबडीत दूध?" मांस आणि दूध एकत्र चालत नाही.

"नारळाचं आहे."

"इतकं दाट? डबा दाखव."

"डबा नाही. इथेच काढतो."

"कोण काढतं?"

कोपऱ्यात जेवणाऱ्या, आमच्यातल्याच सुझॅन आंटीने मान वर केली. तिला जुनं सगळं ठाऊक होतं. मीच काढते, असं म्हणावं असं त्सिपोराच्या मनात आलं. पण मागून आमची खर्र खर्र चालूच होती.

"लपवाछपवी असेल तर सही नाही व्हायची," तपासनीस म्हणाला.

तिने दार उघडलं. "पप्पा, विळी घेऊन बाहेर या."

मी घाबरले, शौल माझ्याहून जास्त. सगळ्यांसमोर तो जमिनीवर बसला, नारळ फोडला, खवला, कोमट पाण्यात कुस्करून फडक्यातून पिळला. तपासनीसाने वाटीत बोट बुडवून चाखलं.

"शौलच ना रे तू?" सुझॅन आंटी म्हणाली. "मला वाटलं, कंट्री सोडून गेलास."

"माझे पप्पा आहेत," त्सिपोरा चक्क मराठीत म्हणाली. "इथलं सगळं दूध तेच काढतात."

"मग सांग त्याला, चटणीचं खोबरं बारीक खव म्हणावं. दाताखाली येतं."

तपासनीसाला त्यातलं काही कळलं नाही. त्याने सही केली. "प्रत्येक ताटात खोबऱ्याचा एक तुकडा ठेवत जा," तो म्हणाला, "म्हणजे बघणाऱ्याला शंका येणार नाही."

दुसऱ्या दिवशी शौल सवयीने मला उचलून मागे निघाला. त्सिपोराने मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पुढच्या खिडकीपाशी मांडलं, रस्त्यावरून दिसेल असं.

आता माझे दाते झिजलेत, शौलचे गुडघे कुरकुरतात. शेजारी मिक्सर आलाय. कामं त्याला द्या, माझी ना नाही. फक्त आम्हा दोघांना इथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर बसू द्या.