कंपाउंडरच्या दोन पुड्या

ढोल्या नावालाच ढोल्या. कंपाउंडरचं हे कुत्रं साडेचार किलोचं. पाठ आखडली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्नायू सैल करायच्या सहा गोळ्या दिल्या होत्या. त्या रविवारी सकाळी संपल्या. दवाखाना बंद, आणि ढोल्या जिन्याशी उभा राहून कण्हत होता.

कंपाउंडरने चाळीस वर्षं माणसांच्या दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या कंबरेलाही स्नायू सैल करायचीच गोळी चालू होती. काम तेच, तर औषध तेच, असं त्याने धरलं. एक गोळी चुरून पुडी बांधली, सवयीने वर ‘ढोल्या’ लिहिलं. तासाभरात फरक दिसेना, म्हणून दुसरी बांधली.

चारच्या सुमाराला ढोल्याचे पाय पसरले. लाळ गळू लागली. कंपाउंडरच्या लेकीने हाक मारली, शेपूट हललं नाही. तिने फोन केला, बाईंनी दवाखाना उघडला.

“काय दिलंत?”

“तुम्ही दिलेलंच,” कंपाउंडर म्हणाला.

“त्याने एवढं होत नाही. घरातलं दुसरं काही?”

“छे हो,” लेक म्हणाली. “आमचे बाबा म्हणजे चालतं औषधाचं दुकान. मला ताप आला तरी आधी वजनकाट्यावर उभं करायचे, मगच गोळी!”

कंपाउंडर टेबलाच्या पायाकडे बघत राहिला. बाईंनी सलाईन लावलं, रक्त घेतलं, विषारी काही चाटलं का विचारलं. पाऊण तास गेला. ढोल्याचा श्वास अडखळू लागला, तेव्हा त्याने खिशातून पुड्यांचे दोन चुरगळलेले कागद आणि आपल्या गोळ्यांची पट्टी काढली.

बाईंनी पट्टीवरचं नाव वाचलं. “ही? काम एक असलं म्हणून औषध एक होतं का हो? माणसाची ही गोळी कुत्र्याचा श्वास बंद पाडते. आल्या आल्या सांगायचं ना! मोठ्या दवाखान्यात यंत्रावर ठेवता आलं असतं.”

त्यांनी घशात नळी घातली आणि गाडीत बसून हाताने श्वास द्यायची पिशवी दाबत राहिल्या. लेक गाडी चालवत होती. मोठा दवाखाना वीस मिनिटांवर राहिला असताना बाईंनी पिशवी खाली ठेवली.

लेकीने गाडी कडेला घेतली. गोळी का दिली, हे तिने विचारलं नाही.

“पाऊण तास, बाबा?”



दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गोळी बशीत काढून ठेवलेली होती, शेजारी पाण्याचा पेला. औषधांचा डबा फळीवर नव्हता. त्याने तो कुठे आहे विचारलं नाही.