निम्मा आवाज

काउंटरवरच्या दोन नव्या डिस्कांपैकी एक आईनं उचलली आणि तळहातावर तोलून पाहिली.

"एवढ्याशात मावेल तो?"

"मावेल," धाकटा म्हणाला. "वर जागा उरेल."

सून दुकानाबाहेर फोनवर बोलत होती, पाठ इकडे करून. थोरला गेल्यावरही ती याच घरात राहिली होती, आईचं दुखणंखुपणं बघत. आता पुन्हा लग्न करून दुसऱ्या गावी निघाली होती. जाताना तिनं ना कपाट मागितलं, ना भांडी. थोरल्याचा आवाज तेवढा मागितला. घरातल्या छोट्या सर्व्हरवर तो साठवलेला होता; आई त्याला डबा म्हणायची. त्याचं हसणं, त्याचं खाकरणं, दूध उतू गेलं म्हणून ओरडणं, शिट्टी वाजवत जिना चढणं. दुसरीकडे कुठेच नव्हता. तिनं धाकट्याकडे प्रत मागितली, तेव्हा त्यानं आईकडे बोट दाखवलं. आई हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती.

सर्व्हरमधली एक जुनी डिस्क बंद पडली होती. दुसरी टकटक करू लागली होती. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या. थोरला त्यांना जुळ्या म्हणायचा.

"दादानं लावल्या होत्या तशा लावल्या तर दोन्हींवर तेच राहतं," धाकटा सांगत होता. "एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं. नाहीतर वाटून लावता येतात. निम्मं हिच्यावर, निम्मं तिच्यावर. जागा दुप्पट मिळते. पण आपण आपलं दादासारखंच करू."

"वाटून लावल्या आणि त्यातली एकच कुणी उचलून नेली तर?"

"कोण नेतंय? आणि नेली तरी नुसता भुगा हाती लागेल. एक शब्द ऐकू यायचा नाही."

आईनं काचेबाहेर पाहिलं. सून फोनवर हसली होती, बऱ्याच महिन्यांनी.

"डबा आपल्याच घरी राहणार ना?"

"डबा कुठे जाईल?"

"मग वाटून लाव."

"आई, त्यात जोखीम आहे."

"माझ्या मुलाचं काय करायचं, ते तुला विचारू?"

धाकट्यानं पाकीट काढलं. तिच्या या आवाजापुढे तो लहानपणापासून असाच पाकिटात, खिशात, चपलांत काहीतरी शोधू लागायचा.

रात्रभरात सगळं नव्या डिस्कांवर उतरलं. सकाळी जुनीची टकटक थांबली होती. हंडा उतरवून टेकलेल्या बाईसारखी ती बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

सून निघाली त्या दिवशी धाकटा बॅगा घेऊन खाली गेला. आईनं सर्व्हरचा खण स्वतः ओढला, डिस्क काढली, थोरल्याच्याच जुन्या रुमालात गुंडाळली आणि सुनेच्या ओंजळीत ठेवली.

सुनेनं रुमाल उलगडून आत पाहिलं.

"आई, तुमच्याकडे राहील ना पण?"

"एक आहे की मला."

"दोन्हींवर सगळं असतं ना? हे म्हणायचे, जुळ्या आहेत."

"त्यानंच लावून दिलेलं. तसंच ठेवलंय." आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "नव्या घरी सावकाश ऐक. आणि नव्यालाही ऐकव हो, कळू दे त्याला कुणाच्या जागी आलाय."

सुनेनं ते गिळलं. रुमालाची गाठ घट्ट केली, पिशवीत अगदी तळाशी ठेवली आणि जिना उतरताना पिशवी पोटाशी धरली.

संध्याकाळी आई डब्यासमोर खुर्ची ओढून बसली. घर आता फक्त तिचं होतं, आवाजही फक्त तिचा.

"लाव," ती म्हणाली. "जिना चढतानाचं लाव."

धाकटा वाकला. डब्यावर लाल दिवा लागला होता. त्यानं खण ओढून पाहिला आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

"दुसरी कुठाय?"

"दिली तिला. तिला निम्मं पुरे."

"आई." तो हळू बोलत होता. "निम्मं तिच्याकडे, तर निम्मंच तुझ्याकडे."

"डबा आहे ना माझ्याकडे."

"डब्यात काही नसतं गं."

आईचे हात मांडीवर होते, तिथेच राहिले.

"पण ती डिस्क परत आली की जुळेल," तो घाईनं म्हणाला. "फक्त वहिनीनं काही करायला नको. कॉम्प्युटरला लावली की तो विचारणार, डिस्क कोरी दिसतेय, पुसून तयार करू का. हो म्हटलं की संपलं. फोन लाव तिला. आत्ता."

फोन आईच्या हाताशीच होता. तो तेवढ्यात वाजला. सुनेचा होता.

"उचल. एवढंच सांग, हो म्हणू नकोस."

"आणि का, म्हणून विचारलं तर?"

धाकट्यानं हात पुढे केला. आईनं फोन मुठीत आवळला आणि मूठ पदराखाली घेतली. तिथून तो घुमत राहिला, थांबला, पुन्हा घुमला.

मग थांबला.

आईनं दुसऱ्या हातानं खणातली डिस्क काढून कानाशी धरली. टकटक नव्हती. डिस्क चांगली होती, अगदी नवी.