आतलं अस्तर

घेर: पंचावन्न.

लेकीच्या डोक्याभोवती, भुवयांच्या बोटभर वर, टेप फिरवून तिने आकडा वहीत उतरवला. तीस वर्षं लोकांचे खांदे, कमरा, बाह्या याच वहीत उतरवल्या होत्या. डोकं मात्र आजवर एकदाच. नवऱ्याचं. अठ्ठावन्न. ते पान ती उलटत नसे.

"आई, डोकं मापतेस की उशीचा अभ्रा?"

"हलू नकोस. हललीस की आकडा खोटा."

"मी स्वतः दुकानात जाऊन हेल्मेट घालून बघितलं असतं."

"मी आणते. नाही बसलं तर बदलून देईल दुकानदार."

लेकीला नोकरी लागली होती. धरणावर पाण्याचे नमुने तपासायचे, सोमवारपासून. वाट अर्धी डांबरी, अर्धी डोंगरातली पायवाट, बस नाही. वडिलांचीच सायकल, वडिलांचीच वाट. त्याच वाटेच्या उतारावर दोन वर्षांपूर्वी त्यांचं पुढचं चाक चरात गेलं आणि ते कपाळावर पडले. आता ते खिडकीपाशी खुर्चीत बसतात आणि दर थोड्या वेळाने वार विचारतात.

वजन: तळहातावर.

गावात सायकलींचं दुकान एकच. तिथे लेकीला न्यायचं नव्हतं, कारण दोन वर्षांपूर्वी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, ती त्या टकल्या दुकानदाराला वाट्टेल ते बोलली होती. फुसका माल विकतोस. माणसं मारतोस. "हेल्मेट घातलं होतं ना? मग मागे सरकलं असणार," असं डॉक्टर म्हणाले होते. 'मागे सरकलं' हे दोन शब्द घेऊन ती दवाखान्यातून थेट इथेच आली होती.

आज दुकानदार स्टुलावरून उठला. "या, ताई," एवढंच.

तिने आकडा सांगितला. वाट सांगितली.

"म्हणजे रस्ताही आणि पायवाटही. हे बघा, हे निव्वळ रस्त्याचं. हवा खेळते, फुलासारखं हलकं. पण मागून आखूड. हे डोंगराचं. मागे मानेपर्यंत उतरतं, पण चढावर डोकं उकडून निघेल. आणि हे मधलं." त्याने तिसरं तिच्या हातावर ठेवलं. "किती वाटतं?"

तिने तळहात वरखाली केला. "तीन मीटर सुती कापडाच्या निम्मं."

दुकानदार हसला. दोन वर्षांनी त्या दुकानात तिच्यामुळे कुणी हसलं, आणि तिला जरा बरं वाटलं. जरा वेळच.

पट्टा: हनुवटीखाली एक बोट.

त्याने स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावर घालून दाखवलं. कपाळ झाकलं पाहिजे, भुवईच्या वर दोनच बोटं. मागची चकती फिरवून आवळायचं. कानाखाली पट्ट्या अशा जुळल्या पाहिजेत. मान जोरात हलवली तरी जागचं हलता कामा नये.

"आणि एक. आत काही घालायचं नाही. रुमाल, टोपी, स्पंज, काही नाही."

"का?"

"हे थर्माकोल डोक्याला घट्ट बसलं तरच कामाचं. आत जाड काही आलं की सगळं वर उचललं जातं. पट्टा आवळला तरी कपाळावरून मागे सरकतं. मग घातलं काय नि न घातलं काय."

त्याने हेल्मेट डोक्यावरून उतरवलं.

"त्या वेळेस मी म्हटलं होतं, ताई, एकदा ते हेल्मेट दाखवा. तुम्ही आणलं नाहीत. मला वाटलं, मालच खराब निघाला. तेव्हापासून तो माल मी ठेवतच नाही." त्याने चकती उलटी फिरवली. "झोप उडाली होती माझी."

तिला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "पिशवी द्या."

अस्तर:

मऊ कापडाचे तीन थर, मध्ये कापूस, चौकटीचौकटीत टाके. रविवारची सबंध दुपार लागली होती. नवरा म्हणाला होता, हेल्मेट टोचतं गं कपाळाला. त्याने घालून बघितलं आणि म्हणाला, आता उशीच झाली याची. पट्टा तोकडा पडला तेव्हा तोही तिनेच वाढवून दिला.

तिनेच.

चढण. घर. पिशवी. मध्ये काय काय दिसलं, तिला आठवत नाही.

सोमवारी निघायचंय.

लेकीने हेल्मेट घातलं, चकती आवळली, मान गदागदा हलवली, गोल गिरकी घेतली. "बाबा, कशी दिसते?"

"भोपळा," वडील म्हणाले आणि खूश झाले. "आज वार कोणता?"

"शनिवार. नीट बघा ना."

तिने काढून पुढे केलेलं हेल्मेट त्यांनी हातात घेतलं. उलटं केलं. बोटं आत गेली आणि फिरत राहिली. लेकीची नोकरी, चमचा कसा धरायचा, स्वतःची सही, काहीच ज्या माणसापाशी उरलं नव्हतं, त्याची बोटं काहीतरी शोधत होती.

"अस्तर कुठंय?"

"काय, बाबा?"

"अगं, हिच्या हातचं. अस्तर." त्यांनी बायकोकडे बघितलं, दोन वर्षांत बघितलं नव्हतं तसं, ओळखून. "पोरीलाही लाव ना. टोचत नाही मग."

"बाबांना आठवलं! आई, ऐकलंस?" लेकीचा आवाज ओला झाला. "आणि खरंच टोचत होतं गं इथे, मागे. लावशील?"

सुईदोऱ्याचा डबा हाताशीच होता.

"नाही."

"का पण?"

खोटं बोलता आलं असतं. कापड नाही, वेळ नाही, नंतर बघू. पण लेक हट्टी. सोमवारी निघताना रुमाल कोंबून निघेल.

"आत काही घातलं की ते वर बसतं," ती म्हणाली. "आणि पडताना मागे सरकतं."

लेक आधी हसतच होती. मग तिची नजर वडिलांच्या कपाळावरच्या खड्ड्यावर गेली, तिथून आईच्या हातांवर आली आणि तिथेच थांबली. ओठांवरचं हसू पुसायचंही तिला सुचलं नाही.

"कधी कळलं तुला?"

"आज."

लेक एक पाऊल मागे सरकली, इतकंच.

वडील हेल्मेट पुढे धरून बसले होते. हात भरून आला तरी खाली घेईनात.

"लाव गं," ते म्हणाले. "छान करतेस तू."