पूररेषेचा देव

मीनाने पहार पुढे केली, तसा ग्रामपंचायतीचा शिपाई भारत दोन पावले मागे सरकला.

"सरपंचताई, देवाला पहार लावायची? माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

"देव कशाचा? तूच रंगवला ना लाल?"

रंगवला होता खरा. गोदावरीचे पाणी या दगडाला लागले की भोंगा वाजवायचा आणि खालच्या आळीने मुकाट्याने टेकावरच्या शाळेत जायचे, एवढा साधा बंदोबस्त पंचायतीने ठरवला होता. गेल्या वर्षी भोंगा वेळेवर वाजला, आळी वाचली आणि दगडाचा देव झाला. गावाला तेवढे निमित्त पुरते! आधी हळदकुंकू आले, मग नारळ फुटले. शेवटी झुंबरबाईने पुढाकार घेऊन देवाला कमरेएवढ्या ओट्यावर बसवले. आता दगडाला पाणी लागेपर्यंत घराघरांत पाणी शिरले असते. वरचे धरण तर काठोकाठ भरत आले होते. मीनाच्या जिवाला घोर लागला होता.

ओट्यावर झुंबरबाई ठाण मांडून बसली होती.

"काकू, उठा. आज हा दगड खाली येणार म्हणजे येणार."

"आधी मला उचल."

"उचलते," म्हणत मीनाने खरोखरच पदर खोचला.

म्हातारी हसली नाही. तिची नजर समोरच्या आपल्या दाराकडे होती. आत तिचा नवरा कचरू बाजेवर पडून होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो उठलाच नव्हता.

"मागल्या साली भोंगा वाजला," ती हळू आवाजात म्हणाली, "अन् समदे निघून गेल्ते. शेरडंसुद्धा नेली. ह्यांना दुसऱ्या कोणी उचललं असंल, असं जो तो समजला. बाजंखाली पाणी आलं, तव्हा आळीत आम्ही दोघंच."

"मंग दगड वर कशाला चढवला?"

"भोंगा उशिरा वाजला तर लोक आळीतच राहतेत. हाक मारली तर कोणी तरी येईल ना, माय."

मीनाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. होड्या, दोर, शाळेतला स्वयंपाक, तिने सगळे नेमून दिले होते. कचरूकाकाला कोणी उचलायचे, ते तेवढे राहिले होते.

पहार तिथेच टाकून ती घरात शिरली.

"भारत, पायथ्याकडून धर. इथून पुढं भोंग्याच्या आधी ही बाज निघणार. तू आन् मी. चल, आत्ताच नेऊन बघू."

"ताई, चढ लई आहे."

"मंग दमू."

खरेच दमले. दोनदा बाज टेकवावी लागली, एकदा कचरू घसरता घसरता वाचला. झुंबरबाई त्याचा हात धरून शेजारून चालत होती. शाळेच्या ओसरीवर पोचले, तेव्हा बोलण्याइतका दम फक्त कचरूजवळ होता.

त्याने मान वळवून खालची नदी पाहिली.

"लई टाइम लागला," तो बायकोला म्हणाला. "दगड पहिल्या जागी नका ठिवू. त्याच्याबी खाली न्या."

झुंबरबाईने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि कोणाची वाट न पाहता ती उतार उतरू लागली.