शनिवारची इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. माझे बूड लोखंडी आहे, मूठ लाकडी आहे आणि अंगात आता वीज नाही. तरीही या घरात मला रोज दुपारी काम असते. ते कसे, हे सांगते.

दुकानाच्या काचेमागे मी वर्षभर धूळ खात पडले होते. एके दिवशी एका तरुण बाईने मला उचलून हातात तोलले. दुकानदार म्हणाला, "यापेक्षा हलकी दाखवू का?" ती म्हणाली, "नको. कापडाला वजन कळायला हवं." तीच आमची आई. घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. आठवडाभर ती तिथे चादरींच्या ढिगाऱ्यात असे. शनिवार मात्र माझा. प्रभुभोजनाच्या विधीत भाकर ठेवतात त्या मेजावर अंथरायचे पांढरे कापड त्या दिवशी चर्चमधून घरी येई. आई त्याला खळ लावी, सावलीत वाळवी आणि किंचित दमट असतानाच पसरी. मग ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणत मला फिरवी. एका कडेला एक प्रार्थना, असे तिचे माप होते. चर्चचे पाळकसाहेब म्हणत, "बाई, यावर भाकर ठेवायलाही हात धजत नाही." आई लाजून लाल होई आणि मी, खोटे कशाला बोलू, जरा जास्तच तापे.

चाळीस वर्षे अशी गेली. वडील वारले. थोरला मुलगा नोकरीसाठी दूर गेला. धाकटी लेक आईजवळ राहिली. ती शाळेत शिक्षिका होती.

मग आई विसरू लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग वडील गेल्याचेही. ती त्यांच्यासाठी ताट वाढून वाट बघत बसे. ते आता नाहीत हे लेक तिला सांगे, आणि आईला ती बातमी दर वेळी नवी असे. ती नव्याने रडे. शेवटी लेक थकली. "येतील," एवढेच म्हणू लागली.

पुढे तर आई लेकीलाच ओळखेना. "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" असे विचारू लागली. लेकीने शाळा सोडली. आंघोळ घालणे, भरवणे, ओल्या चादरी बदलणे, उघड्या दारातून निघालेल्या आईला कोपऱ्यावरून परत आणणे, यात तिचा दिवस संपे. रविवारी चर्चला जाणे सुटले. थोरल्याचा फोन येई, "देवावर विश्वास ठेव." फोन ठेवून लेक स्वतःशीच म्हणे, "हा तिकडून नुसता विश्वास पाठवतो. चार दिवस स्वतः आला असता तर!"

शनिवारचे काम तेवढे आईच्या हातांना आठवत होते. म्हणून लेकीने ते चालू ठेवले. ती स्वतः शेजारी उभी राही.

एका शनिवारी दुधाला उकळी आली म्हणून लेक आत वळली. आईने प्रार्थना सुरू केली, मध्येच अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा अडली. तिचा हात मात्र जागचा हलला नाही. माझ्याखाली कापड पिवळे झाले, मग तपकिरी, मग धूर आला. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर!

लेक धावत आली. तिने प्लग उपटला आणि कापड उचलले. मधोमध माझ्याच आकाराचे भोक पडले होते. "चाळीस वर्षं तिनं तुझं कापड पांढरं ठेवलं," ती छताकडे बघून म्हणाली. "तुला तिचं डोकं तेवढं जागेवर ठेवता आलं नाही?"

तेवढ्यात दार वाजले. पाळकसाहेब कापड न्यायला आले होते. आता तेही काठी टेकत चालतात. त्यांना पाहताच आईने लेकीकडे बोट दाखवले. "साहेब, या बाईनं जाळलं. मी नाही हं."

लेकीने ते कापड त्यांच्यापुढे धरले. मग म्हणाली, "हो. मी जाळलं. चुकले मी." आणि तिला रडू कोसळले. कित्येक महिन्यांचे साठलेले रडू होते ते.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग जवळ गेली आणि धुलाईखान्यात झिजलेला तो हात तिने लेकीच्या डोक्यावर ठेवला. "अगं, रडतेस काय अशी? देव काय कापडासाठी भांडतो होय? दमली असशील. कुणाची गं लेक तू?"

"तुमचीच," लेक हुंदके देत म्हणाली.

"असू दे हं. असू दे," आई म्हणाली. तिला काही उमगले होते की नाही, कोण जाणे.

पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. एवढेच विचारले, "पोरी, सलग कधी झोपली होतीस?" लेकीला आठवेना. "मग जा, आत जाऊन झोप. मी बसतो आईपाशी." त्या दिवशी लेक अंधार पडेपर्यंत झोपली. उठली तेव्हा आई पाळकसाहेबांना घडी कशी घालायची ते शिकवत होती आणि त्यांना काही ते जमत नव्हते.

दुसऱ्या दिवशी लेकीने पक्कडीने माझी वायर तोडली आणि मला आईच्या हाती परत दिले. आता आई रोज दुपारी गार इस्त्री फिरवते. एकही सुरकुती जात नाही. पण आईचा जीव शांत होतो. मंगळवारी आणि शुक्रवारी चर्चच्या मंडळीतले कुणीतरी येऊन बसते, तेव्हा लेक झोपते. आई बरी होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीने देवाशी बोलणे पुन्हा सुरू केले आहे, पण ते बरेचसे भांडणच असते.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत असे एखादे घर असेल. तिथे जाल तेव्हा शहाणपण सांगू नका. चपला दाराशी काढा, म्हातारीशेजारी बसा, तिने दहादा विचारले तर दहादा उत्तर द्या. आणि तिला सांभाळणाऱ्या माणसाला म्हणा, "मी आहे इथे. तू जरा आडवी हो."